टेंभी नाक्यावरचा वारा

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. तुमच्या घरात वारा कुठून येतो?

‘पंख्यातून!’ असं ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी आधी उठून खिडकी उघडावी. बाकीच्यांनी सांगा पाहू, पूर्वेकडून येतो की पश्चिमेकडून? सकाळी येतो की दुपारी? आणि जूनमध्ये येणारा वारा आणि डिसेंबरमध्ये येणारा वारा एकाच दिशेचा असतो का?

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, तेव्हा नव्या वर्गाला पहिल्या दिवशी हेच विचारायची. चाळीस-पन्नास मुलांत दोघा-तिघांनाच उत्तर यायचं, आणि त्यातला एक हमखास पतंगबाज असायचा! मुलांचा तरी काय दोष? आपली पुस्तकं पाण्याला पानंच्या पानं देतात, उजेडाला देतात, मातीला देतात. वारा मात्र यादीच्या शेपटाला. सजीवांवर परिणाम करणारे अजैविक घटक म्हणून पाच-सहा नावं येतात, शेवटी ‘आणि वारा’ म्हणतात आणि धडा संपतो. मला हे कधी पटलं नाही. झाड उभं कसं राहतं, त्याचं पान कसं असतं, बी कुठे पडतं, आणि एक दिवस ते झाड मरतं कसं, या सगळ्यांत वाऱ्याचा हात असतो. म्हणून आज फक्त वारा.

मी राहते ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. टेंभी नाका म्हटलं की बाहेरच्या लोकांना नवरात्रातली देवी आठवते, नाहीतर गोकुळाष्टमीची उंच हंडी. रिक्षा, दुकानं, माणसांची ही गर्दी! इथे कसला आलाय वारा, असं तुम्ही म्हणाल. पण ठाण्याची बसकण बघा. पश्चिमेला येऊरचे डोंगर, त्यांच्यापलीकडे बोरिवली आणि मग समुद्र. पूर्वेला जवळच ठाण्याची खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. म्हणजे आपण दोन डोंगरांच्या मधल्या वाटेवर बसलोय. वाऱ्याला इथून जावंच लागतं.

भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला असाल. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि उलटा कारभार सुरू होतो, ते मतलई वारे. आमच्या घरी हा धडा दांडीवर वाळत असतो! आमची गॅलरी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनच्या पुढे दांडीवरची चादर घरात शिरायला बघते, म्हणजे खारा वारा डोंगर ओलांडून पोचला. थंडीतल्या सकाळी मात्र मागच्या खिडकीतून वारा येतो, आणि त्याच्याबरोबर खाडीच्या चिखलाचा, खाजणाचा वास. चहाच्या आधी तो वास आला की मला दिशा कळते, होकायंत्राची गरज लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक वेगळं. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्येचा मोसमी वारा येतो आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. ऑक्टोबरमध्ये तो पाठ फिरवतो. नवरात्राचा मांडव उभा असतो तेव्हा पाहा, कधी कापड इकडे फुगतं, कधी तिकडे, आणि कित्येक दुपारी ते हलतही नाही. जुना वारा गेलेला आणि नवा ईशान्येचा अजून नीट आलेला नाही. ऑक्टोबर हीटमध्ये आपण घामाघूम होतो त्याचं एक कारण हेच.

आता घामावरूनच झाडाकडे जाऊ. दोन सारखे रुमाल भिजवा, सारखेच पिळा. एक गॅलरीत वाऱ्यावर टाका, दुसरा त्याच गॅलरीत आडोशाला, पण दोन्ही सावलीत हं. कुठला आधी वाळतो ते सांगायला नको. ओल्या रुमालाला लागून दमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर ओढून नेतो, कोरडी हवा येते, पाणी पुन्हा उडतं. आता रुमालाच्या जागी पान धरा. पानावर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून झाड पाण्याची वाफ सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतं. मंद वारा असला तर काम झकास चालतं. पान थंड राहतं, ताजी हवा मिळते. पण वारा सुसाट झाला, त्यातून कोरडा असला, की मुळं पाणी पुरवून पुरवून थकतात. मग झाड काय करतं? छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं खरं, पण कार्बन डायऑक्साइडही बंद! म्हणजे अन्न बनवणं बंद. सतत वाऱ्यात उभ्या असलेल्या झाडांची वाढ खुंटते त्याचं हे एक कारण.

जांभळाचं झाड तुम्ही पाहिलंय ना? ठाण्यात ते कसं उंच, डेरेदार असतं. महाबळेश्वरला गेलात तर कड्याजवळच्या जंगलात हेच जांभूळ अंजनीच्या शेजारी उभं दिसेल, पण बुटकं, वेडंवाकडं, गाठीगाठींचं. पावसाळाभर अरबी समुद्रावरून आलेला वारा तिथे थेट आदळतो. वाऱ्याच्या बाजूचे कोंब करपतात, मोडतात, आडोशाच्या बाजूचे वाढतात. काही झाडं तर एका बाजूला फडकणाऱ्या झेंड्यासारखी दिसतात. अशा झाडाकडे बघून, एक पानही हलत नसताना, तिथला वारा कुठून येतो ते सांगता येतं. जात एकच, पण वारा वेगळा, म्हणून झाडाचं रूप वेगळं.

पानांनीही वाऱ्याशी जमवून घ्यायच्या नाना तऱ्हा काढल्या आहेत. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक. जराशी झुळूक आली की पान नुसतं सळसळतं, वाऱ्याला अंगावर घेत नाही. नारळाची झावळी तर आधीच चिरून ठेवलेली असते, पट्ट्यापट्ट्यांतून वारा निघून जातो. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर माड दिमाखात उभा. आणि केळ? तिचं पान एवढं मोठं, सलग. पण ते शिरांच्या मधोमध फाटत जातं आणि फाटल्यामुळेच वाचतं. तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे खांब आणता तेव्हा पानं बघा, चिंध्या झालेल्या असतात पण हिरव्यागार. मात्र केळीचं झाड म्हणजे खरं तर पानांच्या देठांची गुंडाळी, लाकूड नाहीच. घड धरलेला असताना वादळ आलं तर ती आडवी होते. जळगावकडचे शेतकरी म्हणून बागेच्या कडेला शेवरी नाहीतर उंच गवत लावतात. वारा अडवायला नव्हे बरं का, गाळायला! भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. झाडांची दाट रांग मात्र थोडा वारा आत सोडते आणि त्याचा जोर काढून घेते. किनाऱ्यावर सुरूची बनं लावतात ती याच हिशेबाने.

तुम्ही म्हणाल, वारा झाडांना नुसता छळतो की काय! छे. तो त्यांचा फुकटचा पोस्टमनही आहे. ‘म्हातारी’ तुम्ही पकडली असेलच. पांढरे रेशमी केस पसरून हवेतून तरंगत येते ती. बहुतेक वेळा ती रुईची बी असते. सावरीची बी कापसात बसून निघते. मार्च-एप्रिलमध्ये येऊरच्या रस्त्याला वावळ्याची चपटी, कागदी चकत्यांसारखी फळं हजारांनी उडतात. टेटूची बी तर इतक्या पातळ पंखाची असते की हातात घेतल्यावर वजनच कळत नाही.

एवढं लांब जायला नको असेल तर स्वयंपाकघरात जा. शेवग्याची शेंग आपण कोवळी असतानाच आमटीत घालतो, म्हणून तिची खरी मजा कळत नाही. झाडावर वाळलेली शेंग मिळाली तर उकला. आत प्रत्येक बीला तीन कागदी पंख! गॅलरीतून एक सोडा आणि ती किती लांब जाते ते पावलांनी मोजा. मग त्याच उंचीवरून चिंचोका सोडा. चिंचोका सरळ खाली. (खाली कुणी उभं नाही हे पाहून सोडा. शेजारच्या काकांच्या टकलाची जबाबदारी माझी नाही!)

जुन्या इमारतींच्या भिंतींवर, गळक्या पाइपाखाली, पावसाळ्यात नेचे उगवतात. ते कुणी लावले? नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, त्यांत धुळीसारखे सूक्ष्म बीजाणू. वारा ते नेतो आणि जिथे ओल मिळेल तिथे रोप. बुरशीचंही तसंच. डब्यातल्या पावावर हिरवी-काळी बुरशी येते ती बाहेरून विकत आणलेली नसते, हवेतूनच आलेली असते. गच्चीच्या भेगेत पिवळट डोळ्याचं आणि पांढऱ्या पाकळ्यांचं छोटंसं फूल एका लांब दांड्यावर डुलताना दिसेल. ती एकदांडी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. तिच्या बीलाही छत्री असते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या मजल्याचं तिला काही वाटत नाही.

गवतं, बाजरी, मका यांचे परागही वारा नेतो. ज्यांना वाऱ्याकडून काम करून घ्यायचं त्यांना रंगीत पाकळ्या, मध, सुगंध यांवर खर्च करायला लागत नाही. वाऱ्याला नाक-डोळे थोडेच आहेत? पण वाऱ्याचा नेम नसतो, म्हणून पराग भरमसाट तयार करावे लागतात. त्यांतले काही आपल्या नाकात जातात आणि काही जणांना शिंका, दमा सुरू होतो. गवताला आपल्या नाकाशी काही देणंघेणं नसतं, आपण फक्त वाटेत उभे असतो.

प्राण्यांकडे थोडं पाहू. टेंभी नाक्याच्या वर दुपारी घारी घिरट्या घालतात. मिनिटन् मिनिट पंख हलवत नाहीत. तापलेल्या छपरांवरून आणि रस्त्यांवरून वर उठणारी हवा त्यांना उचलून धरते. पाऊस संपता संपता चतुरांचे थवे उडताना दिसतात. आपण त्यांना हेलिकॉप्टर म्हणतो ना, तेच. त्यांतली पिवळसर रंगाची एक जात मोठी भटकी आहे. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की जिथे चतुरांना वाढायला धड गोडं पाणीही नाही अशा या बेटांवर दर ऑक्टोबरच्या सुमारास लाखोंनी चतुर उतरतात. त्याने २००९ साली मांडलं की हे चतुर भारताकडून उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पुढे आफ्रिकेकडे जातात. बोटभर लांबीचा किडा! अमूर ससाणा नावाचा कबुतराएवढा शिकारी पक्षीही नोव्हेंबर-डिसेंबरात भारतावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, तो ईशान्येचा वारा पाठीशी घेऊनच. त्याच वाऱ्याने आपल्याकडे मांडवाचं कापड हलतं.

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागतं असं समजू नका. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली जहाजांसाठी वाऱ्याचे अंक ठरवले. पुढे लोकांनी त्याच अंकांसाठी जमिनीवरच्या खुणा शोधल्या, आणि त्यातल्या कितीतरी खुणा झाडांच्याच आहेत. पानं नुसती सळसळली तर अंक दोन, वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर. पानं आणि डहाळ्या सारख्या हलत राहिल्या तर तीन. धूळ आणि रस्त्यावरचे कागद उडायला लागले की चार. लहान झाडं डोलू लागली तर पाच, म्हणजे ताशी २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलल्या आणि छत्री आवरेना, तर सहा. आठला झाडाच्या डहाळ्या मोडतात, तेव्हा वारा ताशी ६२ ते ७४ किलोमीटर असतो. आमच्या गॅलरीतून मी रोज अंक लिहिते. बहुतेक दिवस दोन नाहीतर तीन.

पण एक हिशेब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा १०० झाला, तर वेग पाचपट आणि दाब पंचवीसपट. हे मी का सांगतेय? कारण १७ मे २०२१.

त्या दिवशी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेला सरकत होतं. ते आपल्या किनाऱ्यावर चढलं नाही, रात्री सौराष्ट्रात उतरलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेले. ठाण्यातही सकाळपासून पाऊस आणि वारा. मी गॅलरीचं दार लावून काचेतून बघत होते. आमच्या गल्लीत दोन पर्जन्यवृक्ष होते, एक गल्लीच्या तोंडाशी आणि एक आमच्या फाटकाशी. दोन्ही जवळपास एकाच वयाचे. मोठमोठ्या छत्र्याच जशा. पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा, संध्याकाळी पानं मिटून झोपणारा. दुपारी गल्लीच्या तोंडाशी आधी एक कडकड ऐकू आली, मग जमिनीतून आल्यासारखा घुमणारा आवाज, आणि तो अख्खा वृक्ष रस्त्यावर आडवा झाला. करोनाचे निर्बंध होते, रस्ता रिकामा होता, म्हणून कुणाला लागलं नाही. तीन स्कूटर आणि एक हातगाडी मात्र चेपली.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन मुळं पाहिली. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं किती लांब असायला हवीत? फांद्या पसरतात तितकी, खरं तर त्याहूनही लांब. या झाडाची मुळं एका जेवणाच्या टेबलाएवढ्या तुकड्यात संपली होती. रस्त्याच्या बाजूची जाड मुळं सरळ रेषेत कापलेली, सुरीने पाव कापावा तशी. आधीच्या वर्षी तिथे कुणीतरी केबलसाठी चर खणला होता. दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट अगदी बुंध्याला भिडवलेलं. बुंधा जाड झाला तरी सिमेंट सरकत नाही, पाणी आत जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. वर फांद्याही एकाच बाजूने छाटलेल्या, कारण त्या बाजूला विजेच्या तारा आणि दुकानाची पाटी. तोल असा गेलेला, मुळं अशी. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. पण वर्तमानपत्रात काय येतं? ‘वाऱ्याने झाड पडले.’

वारा झाडाला उभं राहायला शिकवतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९७३ साली मॉर्डेकाय जॅफी या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग जगापुढे ठेवला. काही रोपांची खोडं तो रोज काही सेकंद हलकेच चोळायचा. तशा रोपांची उंची न चोळलेल्या रोपांपेक्षा कमी भरली आणि बऱ्याच जातींत खोड जास्त जाड झालं. वारा रोपाला हलवतो तेव्हा असंच होतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ नावाचं प्रचंड काचघर आहे. १९९१ साली आठ माणसं त्यात दोन वर्षांसाठी बंद होऊन राहिली. आत जंगल होतं, पाणी होतं, पण खरा वारा नव्हता. झाडं भराभर वाढली आणि लेचीपेची झाली. झुलायची सवयच नव्हती त्यांना! म्हणून नवं रोप लावताना त्याला काठीशी करकचून बांधू नका. सैल बांधा, डुलू द्या, आणि मूळ धरलं की काठी काढून टाका.

आता आमच्या गल्लीचं पुढे ऐका. पहिलं झाड पडल्यावर आठवड्याभरात लोक दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागले. ‘तेही पडणार. आधीच तोडून टाकू.’ बोलणारे काही दुष्ट नव्हते. फाटकातून त्यांचीच मुलं-नातवंडं येतात-जातात, भीती खरी होती. झाड तोडायचं म्हटलं तर परवानगी लागते. १९७५ च्या कायद्यानुसार शहरातलं झाड आपल्या आवारातलं असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. तेव्हा अर्ज करायचा असं ठरायला आलं.

आमच्या तळमजल्यावर तेव्हा नववीत असलेली एक मुलगी राहते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘मावशी, दोन्ही झाडं एकाच जातीची, एकाच वयाची. वारा पण एकच. मग एक पडलं आणि एक नाही, असं का?’’ खरं सांगू, इतका चांगला प्रश्न मला वर्गात वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. मी तिला मोजपट्टी दिली.

ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चार दिवस मोजत होत्या. फाटकाजवळच्या झाडाशेजारी चर खणलेला नव्हता. फांद्या चारी बाजूंना होत्या. बुंधा सरळ, जमिनीलगत भेग नाही, बुरशीची छत्री उगवलेली नाही, मुळाशी माती वर उचललेली नाही. फक्त सिमेंट बुंध्याला चिकटलेलं होतं, चारी बाजूंनी. हे सगळं एका वहीच्या पानावर लिहून त्या सोसायटीच्या मीटिंगला गेल्या. मोठ्यांच्या मीटिंगमध्ये मुलांनी बोलायचं म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. एक आजोबा म्हणाले, ‘‘झाड काय तुम्हाला विचारून पडणार आहे?’’ यावर ती म्हणाली, ‘‘नाही आजोबा, पण पडायच्या आधी ते सांगतं. आपण बघितलं तर.’’ मी मागे बसून गप्प होते. तिचं मत मी मांडलं असतं तर ते ‘बाईंचं व्याख्यान’ झालं असतं.

मीटिंगमध्ये एक गोष्ट उपयोगी पडली. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकावं. मुलींनी तो शोधून काढला होता. वकील असलेल्या एका काकांनी मान हलवली आणि वातावरण जरा बदललं. शेवटी ठरलं ते असं: तोडायचा अर्ज सध्या नको. परवानगी काढून जाणत्या माणसाकडून वाळक्या फांद्या उतरवून घ्यायच्या, पण चारी बाजूंनी समतोल ठेवून. आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट हळूहळू फोडायचं. पहारीने नव्हे हं, छिन्नीने, मुळांना न दुखावता. या कामाला आठ महिने लागले. सिमेंट फोडायला तीन दिवस, बाकीचे दिवस ‘कधी फोडायचं’ हे ठरवायला!

मग आला १३ मे २०२४. दुपारी आभाळ पिवळं-काळं झालं, धुळीचं वादळ सुटलं. घाटकोपरला त्या वादळात एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. त्या फलकाची बातमी बघताना मला झाडाच्या पानांचं मोल पुन्हा कळलं. सपाट फलक वाऱ्यासमोर छाती काढून उभा राहतो, त्याला मिटता येत नाही, वळता येत नाही. झाडाची पानं एकमेकांवर दुमडतात, फांद्या मागे झुकतात, वारा निसटून जातो. आमच्या फाटकाशी त्या दुपारी डहाळ्यांचा आणि पानांचा सडा पडला, एक हातभर जाडीची फांदी लटकत राहिली. झाड उभं राहिलं. म्हणजे ते यापुढे कधीच पडणार नाही असं नव्हे. दर पावसाळ्याच्या आधी त्याची तपासणी होते, त्याच वहीत नोंद होते.

एक नवी गोष्ट मात्र मला खुपते आहे. घोडबंदर रोडला आणि आता गावठाणातही उंच इमारती उठताहेत. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली घसरतो आणि दोन इमारतींच्या फटीतून जोरात सुटतो. त्याच इमारतीमागे दुसरीकडे पान हलत नाही. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन झाडांना आता दोन वेगळे वारे मिळतात, आणि कालपर्यंत मंद वाऱ्यात वाढलेल्या झाडाला उद्या एकदम झोताला तोंड द्यावं लागतं. तुमच्या शाळेच्या रस्त्यावर नवी इमारत झाली असेल तर तिच्या आसपासच्या झाडांवर महिनाभर नजर ठेवा. रोज एकाच वेळी ब्यूफर्टचा अंक लिहा. एका बाजूला चार आणि शंभर पावलांवर दोन, असं निघालं तर मला जरूर कळवा.

आमच्या झाडाभोवती आता तीन बाजूंना मोकळी माती आहे. चौथ्या बाजूचं सिमेंट अजून तसंच आहे, कारण तिथे एका काकांची स्कूटर उभी असते. ती मुलगी आता कॉलेजात जाते. परवा तिने पुन्हा एकदा त्यांना विचारलं, ‘‘काका, स्कूटर दुसरीकडे लावाल का?’’ काका म्हणाले, ‘‘अगं, दुसरीकडे सावली कुठे आहे?’’

बोलणी चालू आहेत.